पट्टीवरचा गरम ठिपका

खैरनार सरांसमोर “आज फार उकडतंय” असं म्हणायची सोय नव्हती. ते लगेच विचारायचे, “किती?” आता उकडतंय म्हणजे उकडतंय, त्यात किती काय सांगायचं? पण उत्तर आलं नाही की ते असे बघायचे, जणू माणूस चोरी करताना सापडलाय. त्यामुळे आमच्या कॉलेजात त्यांच्यासमोर हवापाण्याचं कुणी काढत नसे. आणि हवापाण्याचं काढायचं नाही म्हटल्यावर निम्म्या लोकांकडे बोलायला काही उरतच नसे.

नाशकाच्या त्र्यंबक रोडला शहराबाहेर हे इंजिनीअरिंगचं कॉलेज. मी तिथे झाडलोट आणि चहा करायला होते. सर धातूंच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. प्रमुख म्हणजे कुणाचे, तर त्या खोलीत कायमचे असे ते आणि मी. पोरं तासाला येत आणि तास संपला की पळत. सर बुटके, अंगाने रुंद, डोक्यावर एक केस नाही. मूळचे सटाण्याकडचे. शिकवताना पुस्तकातलं मराठी बोलायचे, राग आला की अहिराणी. मशीनशी मात्र कायम अहिराणीच. “वढ ना भो, वढ!” असा आवाज आला की समजायचं, काम सुरू झालं, आता आत जायचं नाही.

ते मशीन धातू ओढायचं होतं. बोटभर रुंदीची पट्टी वरच्या आणि खालच्या जबड्यात धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची. एवढंच काम, आणि त्यात या माणसाने उभा जन्म काढला. नवी होते तेव्हा मी विचारलं होतं, “तोडायचीच आहे तर कात्रीनं का नाही तोडत?”

“मावशी, ती तुटते कशी ते बघायचंय.”

“तुटल्यावर कळेलच की.”

“तुटल्यावर सगळ्यांनाच कळतं. घर मोडल्यावर गावाला कळतं तसं,” सर म्हणाले. “आधी कुठं ढिलं पडलं, ते बघायचंय.”

हे सांगायला त्यांनी मला मावशी म्हटलं. माझ्यापेक्षा फार लहान नव्हते. पण झाडू हातात असला की बाई सगळ्या कॉलेजची मावशी होते.

पुढे कॉलेजने थर्मल कॅमेरा घेतला. धातू ताणला की तो थोडा गरम होतो. हाताला कळणार नाही इतका, पण कॅमेऱ्याला कळतं. पडद्यावर गरम जागा पिवळी दिसते, गार जागा निळी-काळी. ॲल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम मिसळलं की पत्रा सगळीकडे सारखा ताणला जात नाही. आधी एका जागी ढिला पडतो, तिथे गरम होतो. मग ती जागा ताठते आणि शेजारची ढिली पडते. पडद्यावर पिवळा पट्टा पट्टीवरून सरकत जातो. सर पोरांना सांगायचे, “टँकर आल्यावर बायका रांगेनं हंडा पुढे देतात ना, तसं. जिच्या हातात हंडा, ती वाकलेली. बाकीच्या ताठ.” पोरांनी जन्मात हंडा उचलला नव्हता. ती “हंडा” असं लिहून घ्यायची.

कॅमेरा आला त्या आठवड्यात सरांनी मला बोलावून भिंतीवर हात टेकायला लावला. “आता काढा.” मी हात काढला. पडद्यावर मात्र माझा हात भिंतीवर तसाच, पाचही बोटांसकट, पिवळा.

“पुसावं लागेल का?” मी विचारलं.

सर इतके हसले की त्यांना खोकला आला. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून हे सांगितलं.

कॅमेऱ्याची बातमी पसरली आणि आमच्या खोलीचा दवाखाना झाला. ऑफिसातले हेडक्लार्क गुडघा घेऊन आले. लायब्ररीच्या बाई खांदा घेऊन आल्या. सर ओरडायचे, “हे दुखणं दाखवत नाही, गरम दाखवतं!” तरी पँट वर करून माणसं उभी. एकदा संस्थेचे अध्यक्ष पाहुणे घेऊन आले. सरांनी कॅमेरा त्यांच्या तोंडावर धरला. सगळा चेहरा पिवळाधमक आणि मधोमध नाक काळं.

“माझं नाक काळं का?” अध्यक्षांनी विचारलं.

“गार आहे म्हणून.”

“पण सगळ्यांसमोर काळं दिसतंय ना.”

“मग चोळा,” सर म्हणाले.

अध्यक्षांनी पाहुण्यांसमोर नाक चोळलं. पडद्यावर ते उजळलंही. पण त्या वर्षी आमच्या खोलीला एसी मिळायचा होता, तो प्राचार्यांच्या केबिनला गेला.

सर कंजूष होते. माणूस गेल्यावर त्याला काटकसरी म्हणायची रीत आहे, पण मी त्यांचा चहा केलेला आहे. दूध नावाला, साखर वासाला, पत्ती तीच दोनदा. “पातळ करा मावशी, पोटाला बरा.” पट्टीला ओढायच्या आधी काळा, बिनचमकीचा रंग द्यावा लागे, नाहीतर धातूची चकाकी कॅमेऱ्याला बाधते. तो रंगही सर स्वतः देत आणि त्यात इतकं थिनर ओतत की एक डबा संपता संपत नसे. कॉलेजच्या सभेत प्राचार्यांनी यावरून इतरांना सुनावलं होतं, खैरनार सरांकडे बघा, खर्च कसा आटोक्यात ठेवतात. सरांनी ते खरं मानलं आणि पुढच्या डब्यात आणखी थिनर घातलं.

दुसरी खोड म्हणजे त्यांना पडद्यावर भरवसा आणि डोळ्यावरही भरवसा. मशीन ओढायला लागलं की पंखा बंद, दार बंद, पोरं मागच्या बाकावर, आणि सर कॅमेऱ्याच्या अगदी वर डोकं आणून पट्टीकडे बघत उभे. पडदा बाजूला. मान एकदा पडद्याकडे, एकदा पट्टीकडे. पोरं म्हणायची, सर पट्टीला नजर लावतात.

पुढे एका वर्षी नाशकात थंडी कडक पडली. द्राक्षवाले बागांत शेकोट्या करत होते, आणि आमची खोली उत्तरेची, आत हात आखडायचे. तेव्हाच एका मोठ्या कंपनीकडून सरांकडे काम आलं. कंपनी पत्रा दाबून गाड्यांचे भाग करायची. दाबल्यावर पत्र्यावर वळ उठत, बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे. रंग दिला तरी झाकले जात नसत. पत्रा भट्टीत शेकून मऊ करून देणारा होता नाशकातल्याच अंबडचा थेटे. त्याचा लहानसा कारखाना, एक भट्टी, आठ-दहा माणसं. कंपनीचं म्हणणं, थेटेची भट्टी सारखी तापत नाही म्हणून वळ येतात. ते खरं की खोटं, हे सरांनी सांगायचं.

सरांनी थेटेच्या पत्र्याच्या पट्ट्या ओढल्या. प्रत्येक पट्टीत पिवळा पट्टा सरकायचा तसा सरकला, पण पट्टी चांगली ताणली गेली की बरोबर मधोमध एक गरम ठिपका उठायचा आणि हलायचा नाही. असा ठिपका त्यांनी कधी पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. सरांनी निदान केलं, मधे पत्रा कच्चा राहिलाय, दोष भट्टीचा. तसं लेखी दिलं. कंपनीने थेटेचं काम बंद केलं.

सरांनी त्या ठिपक्यावर एक निबंध लिहून बाहेरच्या एका शास्त्राच्या मासिकाला पाठवला. त्याला आपलं नाव पडावं अशी त्यांची इच्छा होती, उघड बोलत नसत पण तास घेताना “या ठिपक्याला पुढे काही ना काही म्हणतीलच” असं म्हणून थांबायचे. कॉलेजने गेटवर त्यांच्या फोटोचा फ्लेक्स लावला. त्यात अध्यक्षांचा फोटो सरांच्या तिप्पट होता.

थेटे आला तो दार ढकलूनच. उंच, वाळका, हाताला भट्टीचे डाग.

“सर, माझ्या भट्टीत तुम्ही येऊन तरी बघितलं का?”

“पट्टी बघितली.”

“पट्टी काय बोलती?”

“बोलत नाही. दाखवते. कॅमेरा खोटं सांगत नाही, थेटे.”

“कॅमेरा नाय सांगत. सांगताय तुम्ही.” थेटेचा आवाज चढला. “वडलांपासून भट्टी आहे माझी. लय पत्रा शेकला. चारी कोपरे सारखे निघतात. माणसं घरी बसवलीत मी. त्यांना काय सांगू, ठिपका आला म्हणून?”

“हो. तेच सांगा,” सर म्हणाले.

मी थेटेला चहा दिला. एक घोट घेऊन त्याने कप खाली ठेवला आणि मला म्हणाला, “मावशी, हा पण तपासून घ्या.” आणि गेला.

मे महिन्यात सरांना त्याच पत्र्याच्या उरलेल्या पट्ट्या पुन्हा ओढायच्या होत्या. निबंधवाल्यांनी आणखी आकडे मागितले होते. पंखा बंद, दार बंद, वर स्लॅब तापलेला. पोरांचे शर्ट पाठीला चिकटले. पट्टी ताणली, पट्टा सरकला, पट्टी तुटली. ठिपका नाही.

दुसरी लावली. नाही. तिसरी. नाही.

“कथा चालना तू?” सर पट्टीला विचारत होते. कुठं चाललास म्हणून.

मग सुरू झालं. आधी पोरांवर आळ, पट्ट्या बदलल्या म्हणून. मग इलेक्ट्रिशियनवर. मग माझ्यावर, मी फडक्याने कॅमेरा पुसला म्हणून. मी म्हटलं, “मी तुमच्या कॅमेऱ्याला हात लावत नाही, अध्यक्षांचं नाक दिसतं त्यात.” कॅमेरा तपासायला पाठवला, तो चांगला असल्याचा कागद घेऊन परत आला. सर वाळले. जेवणाचा डबा तसाच परत न्यायचे. एकच पत्रा, थंडीत वाईट आणि उन्हाळ्यात चांगला. माणसाचं असं होतं, पत्र्याचं कसं होईल?

एका दुपारी मी फरशी पुसत होते आणि सर थंडीतली जुनी चित्रं पडद्यावर लावून बसले होते. थंडीत त्यांना सर्दी झालेली, हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. त्यांची शिंक म्हणजे फटाका. पडद्यावर पट्टी, पट्टीवर ठिपका, आणि अचानक तो ठिपका मागे गेला, थांबला आणि जोरात पुढे आदळला. मग पुन्हा जागेवर.

सरांनी ते परत लावलं. ठिपका मागे गेला, पुढे आदळला.

धातू शिंकत नाही, हे कुणालाही कळतं. सरांनी टकलावरून हात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, “हाई ठिपका नही शे. हाई मन्हं डोकं शे.”

मी म्हटलं, “काय?”

“मावशी, किटली आणा. गरम आहे ना? आणा.”

नवी पट्टी लावली, ताणली आणि मधेच मशीन थांबवलं. माझी चहाची किटली त्यांनी कॅमेऱ्याच्या वर धरली. पट्टीच्या मधोमध पिवळा ठिपका उठला, आणि त्याला तोटी होती. किटली बाजूला केली, ठिपका गेला. परत आणली, आला.

झालं होतं ते असं. थिनर घालून पातळ केलेला रंग पट्टी ताणल्यावर मधे बारीक बारीक फाटत होता. खालचा ॲल्युमिनियम उघडा पडला की तो कॅमेऱ्यासाठी आरसा. आरशात समोरचं सगळ्यात गरम काय, तर कॅमेऱ्यावर वाकलेलं सरांचं टक्कल. थंडीत खोली गार, डोकं गरम, म्हणून ठिपका उठायचा. मेमध्ये खोलीच डोक्याइतकी तापलेली, म्हणून ठिपका नाही. फाटलेला रंग आम्ही सगळेच बघत होतो. तुटलेल्या पट्टीवरचा रंग फाटणारच, असं सगळे धरून चाललेले. ज्या भट्टीपायी माणसं घरी बसली, ती सारखीच तापत होती.

पुढचे काही दिवस सर आले नाहीत. आले ते सरळ प्राचार्यांकडे गेले. मी तिथे चहा देत होते.

प्राचार्यांनी सगळं ऐकलं आणि दार लोटून घेतलं. “सर, दिवाळीला तुम्ही निवृत्त होताय. निबंध मागे घ्या, तब्येतीचं कारण सांगा. कंपनीचं काम संपलं. ते विसरलेसुद्धा असतील.”

“थेटे विसरला असंल का?”

“तो लहान माणूस आहे हो.”

“किती?” सर म्हणाले.

सर उठले.

सर भले होते म्हणून त्यांनी हे केलं, असं मला वाटत नाही. थेटेची त्यांना दया आली असती तर ती थंडीतच आली असती. चूक मोजमाप त्यांच्या नावावर राहतंय, हे त्यांना सोसत नव्हतं, दाताखाली खडा राहावा तसं. पण माणूस कशासाठी उठला यापेक्षा उठला हे महत्त्वाचं, असं माझं मत आहे. बरेच भले लोक बसूनच असतात.

कंपनीच्या साहेबांना वेळ मिळेपर्यंत पावसाळा लागला. बरंच झालं, खोली गार झाली होती. दोन साहेब आले, प्राचार्य आले, आणि मागे भिंतीला टेकून थेटे. सरांनी आपल्या जुन्या पद्धतीने पट्टी रंगवली, ताणली आणि मशीन थांबवलं. मग कॅमेऱ्यावर डोकं नेलं.

“हा ठिपका,” ते म्हणाले. डोकं डावीकडे नेलं, ठिपका डावीकडे. उजवीकडे नेलं, उजवीकडे. खाली बसले, ठिपका बुडाला. उभे राहिले, उगवला. “यावर मी लिहून दिलं होतं की थेटेंची भट्टी वाईट आहे. भट्टी चांगली आहे. जाड रंग देऊन पुन्हा सगळ्या पट्ट्या ओढल्या, पत्रा सगळीकडे सारखा आहे. तुम्ही जो मिश्रधातू घेता त्याला दाबल्यावर वळ येतात, तो त्याचा स्वभाव आहे. वळ नको असतील तर महागातला घ्या.”

एका साहेबाला हसू आवरेना. त्याने आपलंही डोकं शेजारी नेलं. दोन ठिपके उठले. मग दुसरा साहेबही गेला. मोठी माणसं, पोरांसारखी डोकी हलवत होती.

“थेटे, या तुम्ही पण,” साहेब म्हणाला.

“नको साहेब. माझं डोकं आधीच तापलंय, मशीन जळायचं,” थेटे जागचा हलला नाही. “माझं काम परत कधी?”

साहेबांची डोकी सरळ झाली. एक म्हणाला, काम दुसऱ्या पार्टीला दिलंय, वर्षाचा करार झालाय. दुसरा म्हणाला, तुम्ही नव्याने अर्ज द्या, बघू. चहा झाला. त्या दिवशी मी पूर्ण दुधाचा केला होता, साहेबांसाठी. ते गेले, त्यांना पोहोचवायला प्राचार्य गेले.

खोलीत सर, थेटे आणि मी. सर म्हणाले, “मी सांगायचं ते सांगितलं.”

“हो ना,” थेटे म्हणाला. “चार भिंतींत सांगितलंत. भट्टी वाईट म्हणून बोंब झाली ती सगळ्या अंबडात. दारात कुणी उभं करत नाय मला.” मग म्हणाला, “आत्ता बोललात ते बाहेर बोलाल का?”

“कुठं?”

“मी नेईन तिथं.”

सरांनी पट्टी जबड्यातून सोडवली, पुसली. “बोलेन,” म्हणाले.

दिवाळीला सर निवृत्त झाले. शाल, नारळ झाला. अध्यक्षांनी ठिपक्याचं नाव काढलं नाही, नाकाचंही नाही. मीही पुढच्या वर्षी काम सोडलं. पाठ वाकत नव्हती. थेटेची भट्टी आता पेटते, रोज नाही, पण पेटते. सर गेल्या थंडीत गेले. त्यांच्याकडे जाऊन आलेल्या बायका म्हणाल्या, शांत गेले. मला त्यातलं काही माहीत नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, अंबडला.

बहिणीच्या सुनेला बघून मी परत निघाले होते आणि एका कारखान्याच्या गेटसमोर रिक्षाची वाट बघत उभी होते. एक जुनी स्कूटर आली. थेटे चालवत होता, मागे सर, मांडीवर गोणपाटात गुंडाळलेले पत्र्याचे तुकडे धरून. सर वाळले होते, पण उतरले ते ताठ. सरळ वॉचमनच्या खोलीशी गेले.

“साहेब नाहीत आत,” वॉचमन म्हणाला. “जेवायला गेलेत.”

“येतील तेव्हा येतील. तुम्ही ऐका,” सर म्हणाले. “या माणसाचा पत्रा वाईट आहे असं मी लेखी दिलं होतं.”

“मग?”

“ते चूक होतं. कसं चूक होतं, ते सांगतो.”

“मला काय सांगता बाबा, मी गेटवर असतो.”

“गेटवरच्या माणसालाही कळायला पाहिजे,” सर म्हणाले आणि गोणपाट सोडून एक पट्टी बाहेर काढली. वॉचमनने इकडे तिकडे बघितलं, कुणी सोडवायला नव्हतं. त्याने आतली खुर्ची बाहेर आणली आणि स्वतः उभा राहून ऐकू लागला. सर बसले नाहीत.

थेटेने स्कूटर ढकलत लिंबाच्या सावलीत नेली, मोठ्या स्टँडवर लावली आणि तंबाखू मळायला घेतली.